निरंक

करारावर सह्या झाल्या तेव्हा ओहोटी होती.
इतिवृत्तात हे नाही. मी खिडकीशी उभी होते
म्हणून मला माहीत.

कुलसचिवांनी पेनाचं टोपण काढलं,
कंपनीच्या देवस्थळीसाहेबांनी स्वतःचं पेन आणलं होतं,
आणि कोलंबीच्या कारखान्याचे बेचाळीस लाख
विद्यापीठाच्या खात्यात यायचे ठरले, तीन हप्त्यांत.
दुसरा हप्ता, निकाल बरे आले तर.

शहाळी आली. फोटो निघाला.
फोटोत काचेचं एक भांडं आहे, आत पांढरी पूड.
रंगाच्या दुकानातला सुका चुना तो,
खरी पूड अजून व्हायची होती.
भांडं धरलेला हात माझा आहे.
मनगटापर्यंत.

मग तीन वर्षं साखरतरच्या खाडीकाठावरून
कालवांची शिंपी पोत्यांनी उचलली.
सातशे अंशांवर भाजली, चाळली, नळकांड्यात ठासली,
वरून ओतलं कारखान्याचं पाणी:
डोकी, साली, बर्फाचा निचरा,
दूध जास्त झालेल्या चहासारखं.
वासाबद्दल प्रबंधात मी काही लिहिलेलं नाही.
खाली उतरलं ते निवळशंख नव्हतं, उगाच कशाला सांगू,
पण फॉस्फेट शंभरातलं नऊ उरलं.
आठल्येसरांनी आकडा तीनदा वाचला
आणि म्हणाले, चल, भजी खाऊ.

पैशाला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही.
शासनाचं अनुदान मार्चच्या अठ्ठावीसला येतं
आणि एकतीसला परत जातं.
ह्या पैशांतून भट्टी आली,
दोन वर्षं विझलेला यंत्रातला दिवा लागला,
माझं चार महिन्यांचं मानधन एकदम झालं,
आईचा मोतीबिंदू निघाला.
आणि कारखान्यामागच्या वहाळात
गेल्या भाद्रपदात खेकडे दिसले.
बारके. मोजले मी. अकरा.

आता एकस्वाचा अर्ज. परिशिष्ट क.
'करारापूर्वी उपलब्ध असलेले ज्ञान.'
कंपनी: निरंक.
विद्यापीठ: निरंक.
इतर कोणी असल्यास:
तिथंही ऑफिसातल्या साळवीने
वरचंच खाली ओढलंय.

पहिलं पोतं भरलं ते द्रौपदा डोर्लेकरच्या ढिगातलं.
ती कोयत्याने कालव फोडत होती, वर न बघता.
तिच्या न्हाणीचं पाणी शिंप्यांच्या चरातून
माडाच्या आळ्यात जात होतं, सासूच्या वेळेपासून.
मी कौतुकाने तिला आमचा प्रयोग समजावला.
ती म्हणाली,
"शिपी टाकली की पानी निवालतां,
ह्यात कालेजान काय शोधलान?"

मी हसले होते तेव्हा. सरांना सांगितलं, तेही हसले.

आता कंपनीचा टेम्पो येतो, किलोला दीड रुपया,
काटा त्यांचा.
ढीग गेला. तो ढीग उधाण अडवायचा
हे आम्ही कुठल्याच तक्त्यात धरलं नव्हतं.
अमावास्येला पाणी तिच्या चुलीपर्यंत येतं.
दीड रुपयाबद्दल तिची तक्रार नाही.
चुलीबद्दल आहे.

काल मी 'निरंक'वर रेघ मारली.
रकाना अर्ध्या इंचाचा.
द्रौपदा डोर्लेकर, एवढंच मावलं,
वय विचारायचं राहिलंय.
सरांनी पाहिलं. खोडलं नाही.
चष्मा पुसत म्हणाले, "पुरावा काय जोडणार?
आणि देवस्थळींना कोण सांगणार, तू?"

म्हणून आज बाटल्यांची पेटी घेऊन निघालेय,
तिच्या चराच्या वरचं पाणी, चराच्या खालचं पाणी.
चिठ्ठीवर लिहिलं: ठिकाण, तारीख, वेळ,
भरती की ओहोटी.
'केव्हापासून' असा रकाना
आमच्या चिठ्ठीवर नाही.